वारा कमी, वीज फार

मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला मुर्रीत कडुनिंबाचं पान हलत नाही. पानठेल्यावर बसलेला माणूसही हलत नाही. हलतो तो फक्त त्याचा अंगठा, तोही पन्नीतला खर्रा घोटण्यापुरता. गोंदिया आम्हाला खेटून आहे. तिकडच्या राईस मिलच्या धुराड्यातून निघालेला धूर सरळ वर जातो आणि पुढे कुठे वळायचं हे न ठरल्यामुळे तिथेच उभा राहतो. अशा गावात आमच्या वार्डातल्या गुरुजींनी छतावर पवनचक्की बसवली.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. निवृत्त शिक्षकाचा वर्ग सुटतो, विषय सुटत नाही. शेजारीपाजारी सगळे सोलारच्या मागे लागले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं म्हणाले, आणि बघता बघता अर्ध्या वार्डाच्या छतांवर निळे पत्रे चढले. पण जे अर्ध्या वार्डाने केलं ते गुरुजींनी कधीच केलेलं नाही. "सूर्य सहा वाजता घरी जाते," ते पानठेल्यावर म्हणाले. "वाऱ्याले ड्यूटीचे तास नसतात."

हे खरं आहे. आमच्याकडे वाऱ्याला ड्यूटीचे तास नाहीत, कारण तो कामावर रुजूच झालेला नाही.

खोक्यावर '१ किलोवॅट' असं ठळक छापलेलं होतं. त्याच्या खाली, चष्मा लावूनही दिसू नये अशा अक्षरात, 'वाऱ्याचा वेग सेकंदाला ११ मीटर असताना' अशी अट होती. म्हणजे ताशी जवळजवळ ४० किलोमीटर. वाऱ्याच्या धंद्यातला हिशेब मोठा निर्दय असतो. वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट होते, पण निम्मा झाला तर आठवा हिस्साच उरतो. मुर्रीत चांगल्या दिवशी सेकंदाला चारेक मीटर वारा धरला, तर त्या एक किलोवॅटच्या यंत्रातून पन्नास वॅटही सुटत नाहीत. इतक्यात छताचा जुना पंखा धड फिरत नाही. म्हणजे वाऱ्याने छतावर एक पंखा फिरवायचा, त्याची वीज करायची, ती बॅटरीत भरायची, इन्व्हर्टरमधून काढायची आणि त्यावर घरात दुसरा पंखा फिरवून वारा घ्यायचा.

गुरुजींच्या घरच्या काकूंनी हा हिशेब शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "त्यापेक्षा खिडकी उघडा ना जी."

महाराष्ट्रात वारा नाही असं नाही. पण तो पश्चिमेला राहतो. साताऱ्यात पाटणकडचं वनकुसवडेचं पठार, चाळकेवाडी, धुळ्यात साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल, नगर-पुणे रस्त्यावर सुप्याजवळचा कावड्या डोंगर. तिथे पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत, आणि त्यांच्याखाली उभं राहिलं तर टोपी हाताने धरावी लागते. आम्ही नकाशाच्या दुसऱ्या टोकाला. वायव्येकडून तापलेली कोरडी हवा येते, बंगालच्या उपसागराकडून ओल येते, आणि दोघींची भेट नेमकी आमच्या डोक्यावर होते. भेट झाली की काय होतं ते एप्रिलपासून जूनपर्यंत रोज संध्याकाळी दिसतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचं ॲप काढलं आहे. आपल्या भोवतीच्या २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडायचा संभव असेल तर ते आधी सांगतं. मे महिन्यात आमच्याकडे ते उघडलं तर काय सांगत नाही तेच शोधावं लागतं.

एक गोष्ट इथेच सांगून मोकळा होतो, कारण पुढे हसण्याच्या भरात ती राहून जाईल. विजेचं आमच्याकडे कौतुक नाही. २०२२ या एका वर्षात देशभरात वीज पडून २,८८७ माणसं गेल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आहे. आमच्या धानपट्ट्यात बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बायांवर, पाऊस आला म्हणून मोहाच्या झाडाखाली धावलेल्या गुराख्यावर ती पडते. शासन वारसांना चार लाख रुपये देतं. ज्याच्या घरी तो धनादेश आला, त्याच्यासमोर विजेवर विनोद करायचा नसतो, आणि आमच्या गावात कुणी करतही नाही. विनोद होतो तो छतावरच्या पवनचक्कीवर.

तर पवनचक्की उभी राहिली. सहा मीटरचा लोखंडी पाईप, त्याला चार बाजूंनी ताणलेल्या स्टे वायरी, वर तीन पांढरी पाती आणि मागे शेपूट. पहिल्या दिवशी बघायला सगळा वार्ड आला. एका आजीने विचारलं, "याच्यावर धान भरडून भेटते का जी?" नाही म्हटल्यावर तिचा रस संपला. बाकीच्यांचा मात्र तिथूनच सुरू झाला. ही वीज किती देणार, हे कुणीच विचारलं नाही. हिच्यावर वीज पडणार कधी, एवढंच सगळ्यांना जाणून घ्यायचं होतं.

पहिला प्रश्न आला तो पायाळूचा. जन्मताना ज्याचे पाय आधी आले त्याच्यावर वीज पडते, हे आमच्याकडे पुस्तकात न छापता सगळ्यांना पाठ आहे. गुरुजी पायाळू नाहीत याची खात्री त्यांच्या आईने केव्हाच दिली होती. पण ती म्हातारी बारकाव्याची. खाटेवरून तिने विचारलं, "अन् ते मशीन? डब्ब्यातून कोन्या बाजूनं निंगालं?" गुरुजी गप्प झाले. खोका उघडताना यंत्राचा बुडखा आधी निघाला होता, पाती नंतर. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हातारीने कूस बदलली. तिच्यापुरता निकाल लागला होता.

मग एकाने सुचवलं की गडगडाट सुरू झाला की अंगणात विळा फेकावा. दुसरा म्हणाला, अर्जुनाची दहा नावं घेतली की वीज अंगावर येत नाही, तेव्हा ती रंगवूनच टाका. गुरुजी नास्तिक, पण गणिताचे शौकीन. तीन पात्यांवर तीन-तीन नावं, नऊ झाली, दहावं कुठे? "शेपटावर," तो गृहस्थ म्हणाला. त्याने तेवढा विचार करून ठेवला होता. तिसऱ्याचं म्हणणं, खरा दोष मोबाईलचा. खिशात मोबाईल असला की वीज ओढली जाते. खिशातला मोबाईल विजेला ओळखतही नाही. उघड्या बांधीत माणूस उभा आहे, एवढंच तिला पुरतं. हे गुरुजींनी समजावून सांगितलं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि मोबाईल बंद केले.

याला नुसतं हसून चालत नाही. युरोपात ढग आले की चर्चच्या घंटा बडवायची रीत होती, म्हणजे वादळ पळून जाईल. गावातल्या सगळ्यात उंच मनोऱ्यात, ओला दोर हातात धरून, ऐन कडकडाटात उभं राहायचं! फ्रान्समध्ये तेहतीस वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि १०३ घंटा वाजवणारे मेले, असा हिशेब तेव्हाच मांडला गेला होता. त्या मानाने अंगणात विळा फेकणं हा अहिंसक प्रकार आहे.

चौथा सल्ला मात्र शास्त्रीय वाटणारा होता. दोन गल्ल्या सोडून मोबाईलचा टॉवर आहे. वीज पडायची तर त्याच्यावर पडेल, तुम्ही कशाला खर्च करता? यावर गुरुजींनी नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक काढला. टॉवरच्या टोकापासून ४५ अंशांची उतरती रेघ धरायची, तिच्या आत जे येतं ते साधारण टॉवरच्या आश्रयाला. बाहेरच्याने आपलं आपण बघावं. कोनमापक डोळ्याला लावून ते छतावर अर्धा तास उभे होते. पवनचक्की रेघेच्या बाहेर निघाली. रेघेच्या आत आला तो शेजाऱ्याचा म्हशीचा गोठा. तेव्हापासून शेजारी म्हशीबद्दल निर्धास्त आहे आणि गुरुजींना त्याचा राग आहे.

मग त्यांनी पानठेल्यावर बेंजामिन फ्रँकलिन काढला. १७५२ सालचा पतंग, किल्ली, टोकदार सळई, सगळं झालं. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये रिचमान नावाचा प्राध्यापक असाच प्रयोग करताना विजेने गेला, हेही झालं. पण रंगली ती इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची गोष्ट. फ्रँकलिन अमेरिकन बंडखोरांचा माणूस, आणि सळईचं टोक अणकुचीदार हवं असं त्याचं मत. म्हणून राजाने मुद्दाम बोथट गोळ्याच्या सळ्या बसवायला लावल्या, अशी हकिकत सांगतात. सव्वादोनशे वर्षांनी न्यू मेक्सिकोतल्या डोंगरावर संशोधकांनी टोकदार आणि बोथट अशा दोन्ही सळ्या उभ्या करून वाट पाहिली. वीज पडली ती बोथटांवर. म्हणजे राजा हट्टाने बरोबर होता. खर्रा घोटणाऱ्यांपैकी एकाने मारुतीच्या देवळाच्या कळसाकडे बघितलं आणि म्हणाला, "आपला गोल आहे जी." सगळ्यांना बरं वाटलं.

आता खरं काम. त्यासाठी वायरिंगवाला मिस्तरी आला. घराला अर्थिंग आहे का, या प्रश्नावर तो किंचित दुखावला. "आहे ना! न्यूट्रललाच देऊन ठेवलं." गुरुजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी स्विचबोर्डाच्या मागून निघालेली हिरवी तार पकडली आणि आम्ही सगळे तिच्यामागे निघालो. तार खिडकीतून बाहेर आली, भिंतीला धरून खाली उतरली आणि नळाच्या पाईपला तिने तीन वेढे घातले होते. एकेकाळी तो पाईप लोखंडी होता. मग नवीन नळयोजनेत प्लास्टिकचा आला. प्लंबरने पाईप बदलला. तार मात्र जशी होती तशी, आदराने, प्लास्टिकला गुंडाळून ठेवली.

आपल्याकडे बोर्डावरच्या तिसऱ्या भोकाचा जन्म कशासाठी झाला, याचा कुणी विचार करत नाही. दोन पिनांचा प्लग आत जाईना, तर त्या भोकात पेनची टोपी नाहीतर हेअरपिन खुपसायची, म्हणजे खालची झाकणं उघडतात. हा त्याचा एकमेव सर्वमान्य उपयोग. तीन पिनांचा प्लग असला आणि बोर्ड जुना असला, तर जाड पिन पकडीने मोडायची. माणूस इतक्या काळजीने स्वतःचं संरक्षण काढून टाकताना दुसरीकडे कुठे दिसत नाही. काकूंचा फ्रिज कित्येक वर्षं ओल्या हाताला झिणझिण्या देत होता. त्याला त्या फ्रिजचा स्वभाव समजत आणि दार पदराने उघडत.

वीज अटकाव म्हणजे काय, याबद्दल मिस्तरीचा समज असा की वर सळई लावली की वीज घाबरून दुसरीकडे जाते. बहुतेकांचा समज हाच आहे. प्रत्यक्षात सळई विजेला अडवत नाही. बोलावते आणि वाट दाखवते. गुरुजींनी हे जावयाच्या भाषेत सांगितलं, आणि त्याहून चांगलं मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. जावई यायचं म्हणतो तर येणारच. नको म्हणायची सोय नाही. आपल्या हातात एवढंच की त्याला दारातून सरळ पाटावर न्यायचं. वाटेत वळणं ठेवायची नाहीत. तार काटकोनात वळवली तर वीज वळत नाही, तिथून उडी मारून भिंतीत शिरते. जावयाला बोळाबोळातून फिरवलं तर तो मधल्या कुणाच्या तरी ओसरीवर बसतो आणि तिथेच रुसतो. घरातल्या एकाने मान द्यायचा आणि बाकीच्यांनी तोंड फिरवायचं, हेही चालत नाही. म्हणून पाईपाला अर्थिंग दिलं की चारही स्टे वायरींना द्यायचं. आणि मुख्य म्हणजे सासरची दोन घरं वेगळी मांडायची नाहीत.

या शेवटच्या मुद्द्यावर मिस्तरी अडला. त्याच्या गुरूने त्याला शिकवलं होतं की पवनचक्कीचं अर्थिंग निराळं, घराचं निराळं. दोघांची भेट होता कामा नये. ऐकायला हे सोवळ्याचं वाटतं. पण वीज पाईपातून जमिनीत उतरते तेव्हा त्या जागेची जमीन क्षणभर हजारो व्होल्टवर चढते. घराची जमीन खालीच राहिली, तर दोन्हींमधला फरक भरून काढायला ती मधल्या केबलमधून, बॅटरीतून, इन्व्हर्टरमधून चालत येते. दोन्ही अर्थिंग जाड पट्टीने जोडलेली असली की सगळं घर एकदमच वर चढतं आणि एकदमच उतरतं. आतल्या कुणाला पत्ता लागत नाही. मग केबल घरात शिरते तिथे एसपीडी बसवायचा. व्होल्टेज एका मर्यादेपलीकडे गेलं की तो जास्तीचं सगळं जमिनीकडे वळवतो, आणि अनेकदा त्यात स्वतः जळून जातो. बिचाऱ्याचं कामच ते.

"एवढं केल्यावर वीज पवनचक्कीवर पडली तर ती वाचेल ना?" काकूंनी विचारलं.

साधारण वीज ३०,००० अँपिअरची असते; आमच्या मीटरजवळची एमसीबी ३२ ला पडते. विजेची वाट क्षणभर ३०,००० अंशांपर्यंत तापते. मोठ्या पवनचक्क्यांच्या पात्यांत वीज झेलायला धातूच्या टिकल्या आणि आतून तार असते. घरगुती पात्यात काहीच नसतं. गुरुजी खरं बोलणारे माणूस. "नाही," ते म्हणाले. "हे सगळं घर वाचवायसाठी आहे. तिच्यावर थेट पडली तर ती गेली."

"मंग लावलीच काहून जी?"

याचं उत्तर विजेच्या कुठल्याही मानकात नाही.

खड्ड्याची मात्र कथा झाली. रीतसर अर्थिंग म्हणजे ६० सेंटिमीटर लांब-रुंद धातूची प्लेट, ती दीडेक मीटर तरी खोल उभी पुरायची, भोवती मीठ आणि लाकडी कोळशाचे थर, वर पाणी घालायला नळी. गुरुजींनी दोन पोती खडे मीठ आणि दोन पोती कोळसा आणला. किराणा दुकानदाराने मीठ मोजता मोजता हळूच विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना. म्हातारी खाटेवर आहे हे त्याला माहीत होतं. दुपारी ऊन म्हणून मजुरांनी काम संध्याकाळी धरलं. चार फुटांवर मुरूम लागला, तेव्हा अंधार झाला आणि कंदिलाची सोय केली. मजुरांना काकूंनी लिंबूपाणी दिलं. पिळलेली लिंबं त्यांनी खड्ड्याच्या काठावर टाकली.

आता चित्र बघा. अंगणात खोल खड्डा, काठावर कंदील, तांब्याचा चकचकीत पत्रा, कोळसा, मीठ आणि चिरलेली लिंबं. विदर्भात एवढ्या साहित्यावर पोलीस ठाण्यात गुन्हा उभा राहतो. गुप्तधन, असं कुणीतरी कुजबुजलं आणि तासाभरात पोलीस पाटील हजर झाले. त्यांनी खड्ड्यात बॅटरी मारली, लिंबं मोजली आणि गुरुजींना बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शिकलेले. सरळ सांगा, किती खोल आहे ते?" गुरुजींनी त्यांना दमून जाईपर्यंत विज्ञान सांगितलं. भारतीय मानक ३०४३, प्लेटचा आकार, ओहमचा हिशेब. पाटील सगळं ऐकून निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले, खड्डा बुजला होता. बुजलेल्या मातीवर त्यांनी पाय आपटून बघितला. पुढचे कित्येक दिवस आमच्या गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस त्या जागेशी थोडा मंदावत असे.

मिस्तरीने कुठून तरी अर्थिंग मोजायचा मेगर आणला. आकडा दहा ओहमच्या आत यायला हवा होता. पावसाळ्यात आमची धानाची माती इतकी ओली असते की नुसता खिळा रोवला तरी चालेल. पण वीज येते मे महिन्यात, जमिनीला भेगा पडतात तेव्हा. काटा चौतीसवर उभा राहिला. उपाय एकच, नळीतून पाणी. तेव्हापासून काकू सकाळी तुळशीला पाणी घालतात आणि उरलेला तांब्या त्या नळीत ओततात. आठवड्याने काटा आठवर आला. म्हातारीने दुरून हात जोडले. तुळशीला की नळीला, ते तिलाच माहीत.

त्याच दिवशी फ्रिजच्या झिणझिण्या थांबल्या. काकूंनी दार उघडलं, पदराशिवाय. बंद केलं, पुन्हा उघडलं. पवनचक्की घरात आल्यापासून त्यांना झालेला हा पहिला फायदा, आणि त्यासाठी पवनचक्कीची काही गरज नव्हती, हे त्या बोलल्या नाहीत. त्या समजूतदार आहेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस गुरुजींच्या यंत्राला हवा तसा वारा आला. बालाघाटकडून आभाळ काळं होत होतं. पण पुस्तिकेत बजावलेलं होतं की गडगडाटी वादळाआधी यंत्र थांबवा: ब्रेकचं बटन दाबायचं, म्हणजे जनित्राच्या तिन्ही तारा आपसात जोडल्या जातात आणि पाती जखडतात, मग केबल कंट्रोलरपासून सोडवायची. हे वारा वाढायच्या आधी करायचं, कारण जोरात फिरत असताना ब्रेक लावला तर जनित्रच जळतं. दामिनी लाल झाली. गुरुजींनी पानही हलत नसताना बटन दाबलं, केबल काढली आणि खुर्ची टाकून व्हरांड्यात बसले. दहा मिनिटांत ताशी पन्नासच्या वेगाने वारा सुटला. पत्रे वाजले, आंबे पडले, कुणाची तरी सतरंजी गल्लीतून आडवी गेली. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो वारा छतावरून घोंघावत गेला आणि पवनचक्की जागच्या जागी थरथरत उभी होती. गुरुजी चमक दिसली की आकडे मोजत. नऊ. तिनाने भागा, तीन किलोमीटर. सहा; दोन. तीन.

पुढचा आकडा मोजायला सवड मिळाली नाही. शिवारातल्या शिंदीच्या झाडावर ती पडली. शिंदी उभी चिरली. वार्डातले सेटटॉप बॉक्स, दोन राउटर, एका घरचा टीव्ही आणि सोलारवाल्यांच्यात एक इन्व्हर्टर गेला. गुरुजींच्या घरात फक्त एसपीडीवरची हिरवी खूण लाल झाली होती. पाऊस थांबला, वाराही थांबला. गुरुजींनी केबल जोडली, ब्रेक सोडला. पाती मोकळी झाली आणि थांबूनच राहिली.

मुर्रीत पवनचक्की चालवायची पद्धत ती अशी. वारा नसतो तेव्हा ती चालू असते. वारा येतो तेव्हा त्याच्यासोबत वीज येते, म्हणून ती बंद असते.

इन्व्हर्टर गेलेला शेजारी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. सोलारवाल्यांनी त्याच्या घरी तीन रॉड ठोकून दिले होते, एसीचा, डीसीचा आणि वीज अटकावाचा, आणि तिघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. तो अंगणात येऊन बुजलेल्या खड्ड्याशी उभा राहिला.

"गुरुजी, हा खड्ड्यावाला मिस्तरी कोन आहे जी तुमचा?"

"नंबर देतो. आधी वर चला, पवनचक्की पाहून घ्या."

"इथूनच दिसते. थांबली आहे ना ते."

"ब्रेक लावला आहे म्हणून."

"मंग काढा ना ब्रेक."

गुरुजींनी खिशातून मोबाईल काढून दामिनी उघडली. आभाळाकडे एकदा बघितलं.

"आता नाही. अर्धा घंटा थांबा."

"नंबरच द्या जी मंग," शेजारी म्हणाला.